दारातला खोटा पोलीस

आमच्या शहरात हल्ली खोटे पोलीस दारात येत नाहीत, फोनवर येतात. अंगात गणवेश, मागे भिंतीवर बोर्ड, टेबलावर फायली, असा सगळा थाट करून व्हिडिओ कॉलवर बसतात. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमुक सापडलंय, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही... आणि मग पैसे. २०२४ साली हा प्रकार इतका वाढला की २७ ऑक्टोबरच्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं, की बाबांनो, डिजिटल अटक असा काही प्रकार कायद्यातच नाही. त्याच वर्षी लुधियानाच्या एका ८२ वर्षांच्या नामवंत उद्योगपतींना सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना लुबाडलं होतं. म्हणजे नुसता पोलीस नव्हे, अख्खं कोर्ट उभं केलं. नेपथ्य, वेशभूषा, संवाद, सगळं!

ही बातमी वाचली आणि मला भलतंच काहीतरी आठवलं. खोटा पोलीस म्हटलं की माझ्या पिढीला आणि आमच्याआधीच्या मंडळींना वेगळाच माणूस दिसतो. बहुरूपी. आपल्या मराठवाड्यात त्याला रायरंदही म्हणतात.

घरातल्या मोठ्यांना तर नक्की आठवत असेल. दुपारच्या वेळी दारात खाकी कपड्यातला माणूस उभा राहायचा. हातात वही, काखेत छडी, आवाज फौजदाराचा. "चला, वॉरंट निघालंय!" म्हणून दरडावायचा. गुन्हा काय, तर सासूला जास्त वाढलं, सुनेला कमी वाढलं, असला काहीतरी. आमची आजी पहिल्या क्षणी खरंच दचकायची, दुसऱ्या क्षणी पदर तोंडाला लावून हसायची आणि तिसऱ्या क्षणी सुपात ज्वारी घेऊन यायची. तोपर्यंत फौजदारसाहेबांनी सलाम ठोकलेला असायचा आणि आवाज साधा झालेला असायचा. आम्ही पोरं गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागे जायचो, पुढच्या घरचं माणूस कसं दचकतं ते बघायला.

तर मुद्दा असा, की या खेळाचे दोन भाग असतात. पहिला भाग सोंगाचा, दुसरा सोंग उतरवण्याचा. लोक पहिल्यालाच कला समजतात. मला मात्र अलीकडे वाटायला लागलंय, की खरी कला दुसऱ्या भागात होती. बहुरूप्याचं पोट त्या उलगड्यावर भरायचं. तुम्ही फसलेलेच राहिलात तर तो भामटा. तुम्ही फसून, ओळखून, हसलात तर तो कलावंत. मधलं अंतर एका सलामाचं.

ही समज आपल्याकडे किती जुनी आहे बघा. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली, म्हणजे आपल्या शहरापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर. तिच्या तिसऱ्या अध्यायात कर्मयोग समजावताना ज्ञानदेव बहुरूप्यांच्या राजा-राणीचा दाखला देतात. मनात स्त्री-पुरुष असा भाव नाही, तरी लोकांसाठी ते आपली भूमिका नीट वठवतात, तसं ज्ञानी माणसानं कर्म करावं, असा त्याचा आशय. दाखला नेहमी ऐकणाऱ्याच्या ओळखीचा द्यावा लागतो. याचा अर्थ सव्वासातशे वर्षांपूर्वी गोदाकाठच्या माणसाला बहुरूपी पाठ होता, आणि हे सोंग आहे, आतला माणूस वेगळा आहे, हेही पाठ होतं.

पुढे तीनेकशे वर्षांनी पैठणला एकनाथ महाराजांनी (१५३३-१५९९) हेच तंत्र उचललं. भारुडं म्हणजे काय? वासुदेव, जोशी, गोंधळी, पांगुळ, भुत्या, असे दारोदार फिरणारे जे लोक होते त्यांची सोंगं घेऊन सांगितलेला परमार्थ. नाथ पंडित होते, भागवतावर टीका लिहिणारे. पण लोकांशी बोलायचं तर लोक ज्याला दारात उभं करून ऐकतात त्याच्या तोंडून बोलावं, हे त्यांना कळलं. आणि भारुडाची रचना पाहा. सुरुवातीला विंचू चावतो, माणूस ठणाणा करतो, ऐकणारे हसतात. मग हळूहळू कळतं की हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा. शेवटी 'एका जनार्दनी' म्हणून नाथ स्वतः समोर येतात. तोच बहुरूप्याचा सलाम! आधी सोंग, मग उलगडा, मग सोंग घेणाऱ्याचं नाव. आमच्या महापालिकेच्या उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहाला संत एकनाथ रंगमंदिर हे नाव दिलंय ते मला म्हणूनच फार योग्य वाटतं. मराठवाड्याच्या रंगभूमीचा पहिला मोठा लेखक म्हणायचं तर तोच.

इथं जरा लांबचा फेरफटका मारू. आमचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३पर्यंतचं औरंगाबाद, वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली, खडकी या नावानं. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्यामुळे आफ्रिका हा आम्हा इथल्या लोकांना अगदीच परका विषय असू नये. तर त्या खंडात मुखवट्यांची नाट्यं फार मोठी आहेत. मलावी, झांबिया आणि मोझांबिक या देशांत राहणाऱ्या चेवा लोकांचं 'गुले वामकुलु' हे त्यातलं एक. २००८मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ते आलं. न्याऊ नावाच्या गुप्त मंडळाचे लोक लाकूड-गवताचे मुखवटे आणि पोशाख घालून सुगीनंतर, लग्नात, मर्तिकात नाचतात. कुणी जंगली जनावर असतं, कुणी मेलेल्या पूर्वजाचा आत्मा, कुणी गुलामांचा व्यापारी. आणि आता त्यात होंडा आणि हेलिकॉप्टर यांचीही सोंगं असतात. परंपरा म्हणजे जुन्याचंच लोणचं नव्हे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलेलं दिसतं.

तिथे आतला माणूस कोण ते उघड करत नाहीत. मुखवटा घातला की तो त्या पात्राचाच झाला. मग माझा सलामाचा सिद्धांत कोसळला का? मला तसं वाटत नाही. कारण तिथे गाव एकच आहे. ढोल वाजला, दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, नाचणारा आपल्यातलाच कुणीतरी आहे. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून वेगळा उलगडा लागत नाही. आपल्याकडेही जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी गावांत बोहाडा होतो, त्यात देव-दैत्यांचे मोठमोठे मुखवटे रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. तिथेही रावण नाचून गेल्यावर 'मी अमक्याचा मुलगा बरं का' असं कुणी सांगत नाही. गावाला माहीत असतंच.

बहुरूप्याचं तसं नाही. तो गावाबाहेरचा. त्याचं पाल आज या माळावर, उद्या त्या. म्हणूनच त्याला स्वतः सोंग उतरवावं लागतं. परक्या गावात खोटा फौजदार होऊन शिरायचं आणि जिवंत, हसतमुखानं, धान्य घेऊन बाहेर पडायचं, हे काम सोपं नाही. त्यासाठी दोघांनाही खेळाचे नियम पाठ असावे लागतात, खेळणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही. त्याला माहीत असतं किती ताणायचं, आजीला माहीत असतं कधी हसायचं.

हे नियम काही एका दिवसात विसरले गेले नाहीत. त्याला शे-दीडशे वर्षं लागली. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरणारा माणूस म्हणजे संशयित हा विचार सरकारी दप्तरात गेला. तो कायदा १९५२ला गेला, विचार राहिला. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गाव-गाडा' आलं. आजही वाचावं असं पुस्तक आहे, पण त्यात फिरस्ते लोक म्हणजे कुणब्याच्या डोक्यावरचा भार असाच हिशेब मांडलेला आहे. हिशेब खोटा होता असं नाही, दुष्काळातल्या शेतकऱ्याला तो भार वाटणारच. पण ज्वारीच्या बदल्यात त्या माणसानं काय दिलं, ते त्या जमाखर्चात कुठे धरलं गेलं नाही. मग १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं या मिषानं मागितलं तरी ती भीकच, असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्यांदा सापडला तरी एक ते तीन वर्षं स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद. म्हणजे ज्ञानेश्वरीतला दाखला कायद्यात आला तो आरोपी होऊन!

उलट्या बाजूनं काम करणारी माणसंही होती, आणि त्यांतलं एक मोठं नाव आमच्याच शहरातलं. डॉ. प्रभाकर मांडे. लोकसाहित्याचे अभ्यासक पुष्कळ झाले, पण मांडे सर लोकांच्या पालांपर्यंत गेले. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तिथे भटक्या जमाती वर्षानुवर्षं एकत्र येत आल्या आहेत. त्यांच्या जगण्यावर सरांनी 'गावगाड्याबाहेर' हे पुस्तक लिहिलं. नावातच सगळं आलं. आत्रे गाड्यात बसून बाहेर बघत होते, सर बाहेर जाऊन गाड्याकडे बघत होते. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. आणखी एक गंमत सांगतो. मढीची रंगपंचमी आणि पैठणची नाथषष्ठी या लागोपाठच्या तिथी आहेत, फाल्गुन वद्य पंचमी आणि षष्ठी. एका दिवशी मढीला खरे भटके, दुसऱ्या दिवशी पैठणला त्यांची सोंगं घेतलेली भारुडं. दोन्ही गर्दीतल्या लोकांनी एकमेकांना किती ओळखलं, हा प्रश्न वेगळा.

आता मोबाइलच्या जमान्याकडे येऊ. मोबाइलनं सगळं वाईटच केलं असं मी म्हणणार नाही. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे घ्या. त्यांचं 'बुरगुंडा' भारुड महाराष्ट्रभर गाजलं, २०२१ साली करोनानं त्यांना नेलं, पण आज परदेशातल्या आमच्या भाचेकंपनीला भारुड दाखवायचं तर दोन शब्द टाइप केले की भाकरे हजर. हे आमच्या लहानपणी स्वप्नातही नव्हतं. दशावतार, गोंधळ, वगनाट्य, सगळं आता फोनवर सापडतं, आणि त्यातून कलावंतांना सुपाऱ्याही मिळतात.

पण ज्याला सुपारी नाही, ज्याचं रंगमंच म्हणजे तुमचा उंबरठा, त्याचं काय झालं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच लोक तिथे आले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचा भिक्षेकरी समाज हा, डौर वाजवून नाथांची गाणी म्हणणारा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअॅपवर आधीपासून फिरत होत्या. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. त्याआधी तीनेक आठवड्यांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात, दरोडेखोर समजून झालेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला होता. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याचे ते पाच बहुरूपी नव्हते, हे मुद्दाम सांगतो. पण गोष्ट एकाच घराण्यातली आहे. दारोदार फिरून, गाऊन, मागून पोट भरणारा माणूस. शंभर वर्षांपूर्वी त्याचा डौर ऐकून गाव म्हणालं असतं, डवरी आला. २०१८ साली गावानं फोनकडे बघितलं आणि ठरवलं, टोळी आली.

आणि आता खरी गोष्ट. त्या वर्षी देशभर ज्या चित्रफिती फिरल्या त्यातली एक भारतातली नव्हतीच. ती कराचीची होती. रस्त्यावर मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. बघून काळजाचं पाणी होतं. पण मूळ चित्रफीत तिथे संपत नाही. ते दोघे परत येतात, पोराला उतरवतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात, की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेची ती जाहिरात होती. म्हणजे ते एक सोंग होतं! चांगल्या हेतूनं घेतलेलं, शेवटी स्वतःच उलगडणारं. भारतात ती आली तेव्हा कुणीतरी शेवटचा भाग कापला होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. इतकी वर्षं आपण म्हणतोय की टीव्हीनं लोककला मारल्या, मोबाइलनं मारल्या, लोकांना वेळ नाही, आवड नाही. मला वाटतं नेमकं झालंय ते एवढंच. शेवट कापला गेलाय. सोंगाला काही झालेलं नाही, उलट सोंगं कधी नव्हे इतकी वाढली आहेत. दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचा चेहरा आता यंत्र काढून देतं. ज्ञानदेवांच्या काळी राजा-राणी व्हायला निदान मेहनत होती. नाहीसा झालाय तो सलाम.

त्यामुळे उलटाच व्यवहार सुरू झालाय. जो खोटा पोलीस शेवटी हसून सांगत होता की मी खोटा आहे, त्याला आपण हाकलतो, संशयानं बघतो, जमलं तर चोपतो. आणि जो शेवटपर्यंत कबूल करत नाही त्याच्या खात्यात आयुष्याची पुंजी भरतो. आणि भरतात ती काही अडाणी माणसं नव्हेत. शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली. राईनपाड्याच्या जमावाला नावं ठेवताना हेही लक्षात ठेवावं. एकानं खऱ्याला खोटं मानलं, दुसऱ्यानं खोट्याला खरं. दोघांचीही नजर एकाच ठिकाणी कमी पडली.

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण वर्षातून एक-दोनदा तिच्या दारात खोटा फौजदार, खोटा तलाठी, कधी खोटा डॉक्टर येऊन जायचा, आणि दर वेळी दचकण्यापासून हसण्यापर्यंतचा तो रस्ता ती चालून यायची. गणवेश म्हणजे माणूस नव्हे, दरडावणं म्हणजे अधिकार नव्हे, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मूठभर ज्वारीत ही शिकवणी होत होती. आता त्याच शिकवणीसाठी बँका मेसेज पाठवतात आणि २०२५च्या मध्यापर्यंत तर फोन लावला की आधी सावधानतेची टेप ऐकावी लागायची. ती ऐकून किती जण शहाणे झाले, तुम्हीच सांगा.

बहुरूपी परत यावा, असं मी म्हणत नाही. त्याच्या पोरांनी पालात राहावं आणि आमच्या करमणुकीसाठी खाकी घालावी, असं म्हणायचा मला काय अधिकार? २००८च्या रेणके आयोगाच्या अहवालात भटक्या-विमुक्तांपैकी निम्म्या लोकांकडे कसलीही कागदपत्रं नाहीत असं म्हटलं होतं. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजदार-तलाठ्याची सोंगं घेतली, त्याला खऱ्या तलाठ्याकडून एक दाखला मिळत नाही. त्याला आधी तो दाखला मिळू दे, पोरांना शाळा मिळू दे. मग त्यांतल्या कुणाला वाटलं तर तो रंगमंदिरात येऊन खेळ करील, तिकीट लावून. आपण जाऊच.

पण अजून काही जण फिरतायत. सणासुदीला, बाजाराच्या दिवशी, हमरस्त्यावरच्या सिग्नललाही कधी कधी मारुती नाहीतर शंकर होऊन उभे असतात. तुमच्या गल्लीत असा कुणी आला तर त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर 'सावधान' म्हणून टाकू नका. दोन मिनिटं थांबा. त्याचं पूर्ण होऊ द्या. शेवटी तो सलाम करतो.